अझुकी चवीचे जपानी चॉकलेट: पहिला तुकडा तोंडात टाकण्यापूर्वी

जपानहून परतलेल्या पाहुण्याने हातावर ठेवलेला तुकडा आपण तोंडात टाकतो. तो आधी गोड लागतो, मग दुधाळ लागतो, आणि सर्वांत शेवटी उकडलेल्या कडधान्याचा मंद वास नाकात चढतो. चॉकलेट जुने झाले असावे, असा बहुतेकांचा पहिला समज होतो. मीही पहिल्या वेळी पाकीट उलटसुलट करून तारीख शोधली होती. चॉकलेट ताजेच होते. मी त्यात कोको शोधत होतो आणि बनवणाऱ्याला दाखवायचा होता दाणा. या खाऊत चॉकलेट यजमान असते, पण पाट मांडलेला असतो तो अझुकी या तांबड्या कडधान्यासाठी. एवढे ध्यानात ठेवले तर पुढच्या बहुतेक सूचना आपोआप सुचतील. तरीही नवख्यांचा गोंधळ जिथे हमखास होतो, त्या जागा क्रमाने पाहू.

दाण्याची ओळख

इंग्रजीतल्या ‘रेड बीन’ या नावामुळे पुष्कळ लोक अझुकीला राजमा समजतात आणि राजम्याची चव मनात धरून चॉकलेट खातात. राजमा हा मूळचा अमेरिका खंडातला, घेवड्याच्या कुळातला. अझुकी मात्र मूग, उडीद, मटकी आणि चवळी यांच्या कुळातली आहे, म्हणजे आपल्या कडधान्याच्या डब्यांची सख्खी चुलत बहीण. दाणा मुगाहून जरा मोठा, गडद तांबडा, आणि त्याच्या एका कडेला पांढरी रेघ असते. जपानमधील बहुतांश पीक उत्तरेकडील होक्काइदो बेटावर येते आणि तिथले तोकाचीचे मैदान त्यासाठी नावाजलेले आहे, त्यामुळे पाकिटावर ‘होक्काइदो’ किंवा ‘तोकाची’ हे शब्द ठळक छापलेले दिसतात. क्योतो आणि ह्योगो यांच्या सीमेवरच्या तांबा भागातला ‘दाइनागोन’ हा मोठ्या दाण्याचा प्रकार त्याहून मानाचा समजला जातो. दाइनागोन हे मुळात दरबारातील एका पदाचे नाव. या दाण्याचे साल शिजताना सहसा फुटत नाही, आणि दरबारी मानकऱ्यावर सामुराईप्रमाणे पोट फाडून घेण्याची वेळ येत नसे, म्हणून दाण्याला हे नाव पडले असे सांगतात. याच समजुतीची दुसरी बाजूही आहे. तोक्योच्या परिसरात सणासुदीचा तांबडा भात करताना पोट फुटणारी अझुकी टाळून ‘सासागे’ वापरण्याची चाल आहे, आणि ही सासागे म्हणजे दुसरे तिसरे काही नसून आपली चवळी. हा धागा पुढे उपयोगी पडणार आहे.

अझुकी शिजवून, साखर घालून आटवली की जे पुरण तयार होते त्याला ‘आन’ किंवा ‘अंको’ म्हणतात. साल ठेवून केलेले ते ‘त्सुबुआन’, आणि साल काढून, गाळून गुळगुळीत केलेले ते ‘कोशिआन’. कोशिआनमध्ये पाकात मुरवलेले अख्खे मोठे दाणे मिसळले की त्याला ‘ओगुरा’ म्हणतात. पांढऱ्या घेवड्याच्या पुरणाला ‘शिरोआन’ म्हणतात, पण त्याची चव वेगळी असल्यामुळे ते इथे बाजूला ठेवू. चॉकलेटच्या पाकिटावर यांतला कोणता शब्द आहे, यावर आत काय मिळणार हे बरेचसे ठरते.

पाश्चात्त्य पदार्थाच्या पोटात अंको भरण्याची कल्पना जपानमध्ये चॉकलेटच्या कारखान्यांहून जुनी आहे. तोक्योच्या गिन्झा भागातील किमुराया या बेकरीने १८७४ साली अंको भरलेला पाव, म्हणजे ‘आनपान’, तयार केला आणि ४ एप्रिल १८७५ रोजी तो मेइजी सम्राटापुढे ठेवला गेला. कोकोच्या बियांपासून थेट चॉकलेट बनवण्याचा मोठा उद्योग तिथे मोरिनागा कंपनीने १९१८ साली उभा केला. पावाने जे केले तेच पुढे बिस्किटाने, आइस्क्रीमने आणि चॉकलेटने केले, एवढेच.

पहिली पायरी: जिभेला दाणा शिकवा

ज्याने अंको कधी खाल्लेला नाही, त्याला चॉकलेटमधली अझुकी सापडत नाही. चॉकलेटमध्ये ती साखर, दूध आणि स्निग्धांशाच्या आड उभी असते, आणि ओळख नसलेला चेहरा गर्दीत हुडकता येत नाही. म्हणून चॉकलेट उघडण्याच्या एखाद दिवस आधी अंकोची नुसती चव घ्यावी. जपानमध्ये असाल तर हे काम सोपे आहे. मिए प्रांतातील इमुराया कंपनीची ‘अझुकी बार’ ही बर्फाची कांडी १९७३ पासून विकली जाते आणि तिच्यात अझुकी, साखर, स्टार्चचा पाक, मीठ आणि मक्याचे स्टार्च यांपलीकडे फारसे काही नसते. ती दगडासारखी कडक असते आणि त्यासाठीच प्रसिद्ध आहे. तेव्हा आधी दोन-चार मिनिटे बाहेर ठेवावी आणि दातांची परीक्षा पाहू नये.

भारतात अझुकी सहज मिळत नाही, पण वर सांगितलेली लाल चवळी वाण्याकडे मिळते आणि कसोटीपुरती ती पुरेशी आहे. एक वाटी लाल चवळी धुऊन पाण्यात पाच मिनिटे खळखळ उकळावी आणि ते पाणी टाकून द्यावे. जपानी स्वयंपाकात या कृतीला ‘शिबुकिरी’ म्हणतात. सालातला तुरटपणा त्या पहिल्या पाण्याबरोबर निघून जातो. मग ताजे पाणी घालून कुकरमध्ये दाणा बोटाने सहज चिरडेल इतका मऊ शिजवावा, पाणी निथळावे, कोरड्या चवळीच्या वजनाच्या जवळपास साखर घालून मंद आचेवर आटवावे आणि उतरवताना चिमूटभर मीठ घालावे. पुरण निम्मे तसेच ठेवावे आणि निम्मे पुरणयंत्रातून फिरवावे. पहिला भाग त्सुबुआनच्या जवळ जातो आणि दुसरा कोशिआनच्या, जरी खरा कोशिआन करताना साल पूर्ण काढून आतला गर पाण्यात धुतात आणि फडक्यातून पिळून घेतात, त्यामुळे तो आपल्या पुरणयंत्राच्या पुरणाहून किती तरी मुलायम होतो.

या गोळ्यात वेलची, जायफळ किंवा सुंठ घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मराठी जिभेची खरी अडचण याच ठिकाणी आहे. आपण पुरण ओळखतो ते गुळाच्या खमंगपणावरून आणि जायफळ-वेलचीच्या वासावरून. हरभऱ्याची डाळ त्या दोघांच्या मागे निमूट उभी असते. अंकोमध्ये दाण्याला झाकणारे काहीच नसते, साखरही पांढरी, बिनवासाची असते, आणि म्हणून पहिल्या घासाला तो आपल्याला अळणी वाटतो. पण तीन-चार घास सावकाश खाल्ले की तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखू येतात: उकडलेल्या रताळ्यासारखा किंवा शिंगाड्यासारखा पिठूळ गोडवा, ओल्या मातीकडे झुकणारा वास, आणि सालामुळे जिभेच्या कडांना जाणवणारा किंचित तुरटपणा. पुढे चॉकलेटमध्ये शोधायच्या आहेत त्या याच तीन गोष्टी.

दुसरी पायरी: आत कोणत्या रूपात अझुकी आहे ते ओळखा

नवख्यांना एक प्रश्न नेहमी पडतो, की अंको एवढा चांगला लागतो तर तो सरळ चॉकलेटमध्ये का मिसळत नाहीत. अडचण पाण्याची आहे. वितळलेल्या चॉकलेटमध्ये थोडेसे पाणी पडले तरी त्यातली साखर ते ओढून घेते आणि सारा घाणा आवळून घट्ट, रवाळ होतो. घरी चॉकलेट वितळवताना ज्यांच्या पातेल्यात वाफेचे थेंब पडले आहेत, त्यांना हे सांगायला नको. अंकोमध्ये पाणी भरपूर असते. शिवाय ओलसर सारण वेफरशेजारी ठेवले तर वेफर सादळतो, आणि सारण नुसतेच ठेवले तर त्याला बुरशी धरते. या अडचणीतून निर्मात्यांनी काढलेल्या वाटा म्हणजेच या खाऊचे प्रकार होत, आणि प्रत्येक प्रकार चाखण्याची रीत वेगळी आहे.

सर्वांत जास्त आढळतो तो भुकटीचा प्रकार. अझुकी शिजवून, वाळवून तिची पूड करतात आणि ती पांढऱ्या चॉकलेटमध्ये किंवा वेफरांमधल्या स्निग्ध क्रीममध्ये मिसळतात. जपानी किटकॅटचा ‘अझुकी सँडविच’ हा प्रकार याच जातीचा आहे. किटकॅट जपानमध्ये १९७३ साली फुजिया कंपनीने परवान्याखाली आणले, पुढे ते नेस्लेकडे गेले, आणि तिथे आजवर त्याच्या ३००हून अधिक चवी निघाल्या आहेत. त्यांतल्या अनेक चवी एखाद्या प्रांतापुरत्या, प्रवाशांनी घरी न्यायची भेट म्हणून काढलेल्या असतात. अझुकी सँडविच हा तोकाई आणि होकुरिकु या भागांचा प्रकार असून त्यामागे नागोया शहरातील कॉफीघरांचा ‘ओगुरा टोस्ट’ आहे, म्हणजे भाजलेल्या जाड पावावर लोणी आणि त्यावर अंको. हे ठाऊक नसेल तर तो तुकडा नुसता गोड लागतो. ठाऊक असेल तर वेफरमध्ये टोस्टचा खमंगपणा, क्रीममध्ये लोणी आणि शेवटी अझुकी अशी रचना जिभेवर उलगडत जाते. प्रांतीय चव घेताना तिचा मूळ पदार्थ कोणता हे आधी विचारून घ्यावे, ही सूचना केवळ याच एका किटकॅटपुरती नाही.

दुसरा प्रकार मऊ सारणाचा. इथे साखरेचे प्रमाण वाढवून आणि पाणी कमी करून टिकाऊ केलेले आन, योकानचा लहानसा चौकोन किंवा मोचीसारखा, म्हणजे चिकट तांदळाच्या गोळ्यासारखा, चिवट गाभा चॉकलेटच्या कवचात बंद केलेला असतो. योकान म्हणजे अझुकी, साखर आणि कांतेन यांची घट्ट वडी. कांतेन हा समुद्रशेवाळापासून काढलेला पदार्थ आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतो. या प्रकारात दाण्याची चव सर्वांत स्पष्ट येते आणि नवख्याने सुरुवात यानेच करावी असे माझे मत आहे, जरी दुकानात भुकटीचे प्रकार आधी हाताला लागतात. तिसरा प्रकार पाकवून वाळवलेल्या अख्ख्या दाण्यांचा. या साखरी दाण्यांना ‘अमानात्तो’ म्हणतात आणि त्यांच्यावर चॉकलेटचा थर चढवलेला असतो, साधारण आपल्या साखरफुटाण्यांची आठवण यावी तसा. हे चोखत बसू नये. कवच विरले की सरळ चावावे, कारण यातली सारी गंमत साल फुटण्यात आहे.

भाजलेल्या गोडांचा चौथा वर्गही आहे. त्यात चॉकलेटी आवरणाचे मांजू (आन भरलेले छोटे गोळे), अंको भरलेले चॉकलेटी केक आणि कुकी येतात. फेब्रुवारीत व्हॅलेंटाइनच्या सुमारास जपानमधली पारंपरिक मिठाईची दुकाने कोकोमिश्रित आन आणि चॉकलेटचे योकान मांडतात, आणि कारखान्यातल्या खाऊहून हे सहसा सरस असतात. शाही घराण्याला शतकानुशतके मिठाई पुरवणाऱ्या तोराया या घराण्याने २००३ साली तोक्योच्या रोप्पोंगी हिल्समध्ये जो कॅफे उघडला, त्याची ओळखच अझुकी आणि कोको यांच्या फोंदां या दाट, ओलसर गोडावर बसली. ज्याला ही जोडी पटतच नाही, त्याने निदान एकदा असा ताजा प्रकार खाऊन मग काय तो निकाल द्यावा.

एक इशारा इथेच द्यायला हवा. माशाच्या आकाराचा ‘ताइयाकी’ हा मुळात अंको भरलेला पदार्थ असल्यामुळे मासा दिसला की आत अझुकी असणार असे वाटते. पण मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘पुकुपुकु ताइ’सारख्या खाऊत मासा असतो मोनाकाच्या, म्हणजे कुरकुरीत वेफरच्या, पापुद्र्याचा आणि आत असते हवा खेळवलेले चॉकलेट. आकारावर विसंबू नये.

तिसरी पायरी: पाकीट वाचा

जपानी लिपी येत नसली तरी फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने पाकिटाची मागची बाजू वाचता येते. काय शोधायचे ते मात्र माहीत हवे. समोरच्या बाजूला गडद तांबूस-तपकिरी रंग दिसला तर तो शुभशकुन समजावा, कारण ‘अझुकी-इरो’ हे जपानी भाषेत एका रंगाचेच नाव आहे. ‘उजी किन्तोकी’ असे लिहिले असेल तर हिरव्या माच्चा चहाबरोबर अझुकी आहे. उजी हे क्योतोजवळचे चहाचे गाव, आणि किन्तोकी हे लोककथांतल्या लालबुंद बलदंड बालकाचे नाव गोड शिजवलेल्या अझुकीला लाडाने चिकटले आहे. ‘इचिगो दाइफुकु’ असेल तर स्ट्रॉबेरी, मोची आणि अंको. ‘किकान गेन्तेइ’ म्हणजे ठरावीक मुदतीपुरतेच मिळणारे. आवडले तर तेव्हाच दुसरे पाकीट घेऊन ठेवावे, पुढच्या वर्षी ते मिळेलच असे नाही.

मागच्या बाजूला पदार्थाचे नाव ‘मेइशो’ या शब्दापुढे छापलेले असते. तिथे ‘चोकोरेतो’ असेल तर मालाचा मोठा भाग चॉकलेटचा आहे, ‘चोकोरेतो-गाशी’ असेल तर चॉकलेटचा वाटा ६० टक्क्यांहून कमी आणि बाकी बिस्किट-वेफर आहे, आणि ‘जुन-चोकोरेतो’ असेल तर कोकोचे प्रमाण नियमातल्या खऱ्या चॉकलेटहून कमी आहे. यांत कमीअधिक प्रतिष्ठा पाहू नये. अझुकीच्या बाबतीत कोको कमी असणे हा कित्येकदा फायदाच ठरतो. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते आणि तिरप्या रेघेनंतर मिश्रके येतात. रेघेच्या आधी, पहिल्या चार-पाच नावांत अझुकी किंवा आन आले तर दाणा खरोखर हाती लागेल. ती यादीच्या अगदी शेपटाशी असेल आणि रेघेनंतर ‘कोर्यो’, म्हणजे सुवासद्रव्य, असेल तर अपेक्षा बेताचीच ठेवावी.

शाकाहारी वाचकांनी इथे जास्त वेळ द्यावा. जपानी पाकिटावर आपल्यासारखा हिरवा-तपकिरी ठिपका नसतो. चॉकलेटच्या आतला चिवट गाभा पुष्कळदा खरी मोची नसतो; साखरेचा पाक, स्टार्च आणि जिलेटिन यांपासून मोचीसारखा केलेला असतो, आणि जिलेटिन प्राणिजन्य असते. यादीत ते ‘झेराचिन’ असे येते. ‘योशु’ हा शब्द असेल तर त्यात मद्याचा अंश आहे. ‘तामागो’ म्हणजे अंडे, ‘कोमुगी’ म्हणजे गहू आणि ‘राक्कासेइ’ म्हणजे भुईमुगाचे शेंगदाणे. ॲलर्जी असणाऱ्यांनी हे तीन शब्द पाठच करावेत. शॉर्टनिंग, म्हणजे खाऊत घातलेला घट्ट स्निग्धांश, वनस्पतिजन्य की प्राणिजन्य हे यादीवरून नेहमी कळत नाही, म्हणून कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी कांतेनवर घट्ट केलेल्या योकानच्या प्रकारांकडे वळलेले बरे. आणि एकादशीला यांतले काहीच चालणार नाही. चॉकलेटमध्ये गेले म्हणून कडधान्य उपवासाचे होत नाही.

तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने असते आणि नवखे तिथे फसतात. ‘शोमि किगेन’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव उत्तम राहील, तर ‘शोहि किगेन’ म्हणजे त्या दिवसानंतर खाऊ नये. चॉकलेटवर सहसा पहिला शब्द असतो. दुसरा दिसेल तो ताज्या मिठाईवर, आणि ती भेट म्हणून भारतात आणायच्या भानगडीत पडू नये. भारतात रीतसर आयात झालेल्या पाकिटावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह असलेली वेगळी चिकटपट्टी असते. ती नसेल तर माल कोणत्या वाटेने आणि किती उन्हातून आला, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही.

चौथी पायरी: थंडावा, पण फ्रिजचा नव्हे

कोकोतील लोणी साधारण ३४ अंशांना वितळते. पुण्याच्या एप्रिलमध्ये किंवा मुंबईच्या मे महिन्यात खोलीतच तेवढे तापमान असल्यामुळे पाकीट फ्रिजमध्ये जाणे अटळ आहे. पण फ्रिजमधून काढून लगेच खाल्लेल्या अझुकी चॉकलेटला चव नसते. गार स्निग्धांश वास धरून ठेवतो, आणि दाण्याचा वास मुळातच नाजूक असतो. पाकीट हवाबंद डब्यात घालूनच फ्रिजमध्ये ठेवावे, बाहेर काढल्यावर डबा न उघडता अर्धा तास तसाच राहू द्यावा, आणि मग उघडावे. घाईने उघडले तर दमट हवेतले पाणी चॉकलेटवर दवासारखे बसते, साखर विरघळते आणि सुकल्यावर पांढरा खरखरीत थर येतो. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या चॉकलेटवर येणारा गुळगुळीत पांढुरका पापुद्रा वेगळा. तो स्निग्धांशाचा असतो. दोन्हींनी अपाय होत नाही, पण पहिली ओळख अशा तुकड्यावरून करून घेऊ नये.

तोंड स्वच्छ हवे. जेवणानंतर लगेच नको, आणि आले-वेलचीच्या चहाबरोबर तर मुळीच नको. तो चहा अझुकीला पाच सेकंदही उभे राहू देत नाही. बरोबर कोमट पाणी किंवा बिनसाखरेचा जपानी हिरवा चहा ठेवावा. भाजलेल्या पानांचा ‘होजिचा’ मिळाला तर उत्तम, कारण त्याचा भाजका वास अझुकीशी जुळतो आणि दुधाची साय जिभेवरून धुऊन काढतो. एका बैठकीत चारहून अधिक प्रकार ठेवू नयेत. क्रम पांढऱ्याकडून दुधाळ आणि मग गडद चॉकलेटकडे जाणारा असावा. उलटा क्रम लावला तर गडद चॉकलेटनंतरचे सारे नुसते साखरेसारखे लागते.

पाचवी पायरी: चाखणे

तुकडा आधी नाकाजवळ न्यावा. भुकटीच्या प्रकारात उघडताक्षणीच दुधाचा आणि मागून भिजवलेल्या कडधान्याचा वास येतो. व्हॅनिलाच जोरात येत असेल तर पुढचे बरेचसे समजले. मग अर्धा तुकडा जिभेवर ठेवून वीसएक सेकंद दात लावू नयेत. सुरुवातीची साखर आणि दूध ओसरू द्यावे. त्यानंतर दोनदा चावून, तोंड मिटून, नाकाने श्वास सोडावा. अझुकी बहुधा या श्वासाबरोबर सापडते, कारण तिची ओळख जिभेपेक्षा वासात अधिक आहे. आदल्या दिवशीच्या कसोटीच्या गोळ्यातली रताळ्याची, मातीची आणि तुरटपणाची खूण इथे एकेक करून आठवावी. तिन्ही क्वचितच एकत्र मिळतात; भुकटीत बहुधा पहिली मिळते, मऊ सारणात पहिल्या दोन, आणि तुरटपणासाठी अख्खा दाणाच चावावा लागतो.

जिभेला बारीक रवा जाणवला तर तो दोष समजू नये. चॉकलेट साधारण २० ते २५ मायक्रॉन इतके बारीक दळतात, म्हणून ते रेशमी लागते. शिजलेल्या अझुकीची गोष्ट निराळी आहे. तिच्या पेशींतील स्टार्चभोवतीची प्रथिने उष्णतेने आधी घट्ट होतात, पेशी फुटत नाही, आणि स्टार्च आतच कोंडलेला राहतो. त्यामुळेच अंको खळीसारखा चिकट न होता सुटा, पिठूळ राहतो, आणि चॉकलेटच्या कणांहून किती तरी मोठी ही पेशी जिभेला ओळखू येते. जपानी खवय्ये हा पिठूळपणा मुद्दाम शोधतात. आपल्यालाही रवाळ तूप आणि भरड बेसनाचा लाडू आवडतो. तीच रसिकता इथे वापरावी.

दुसरा अर्धा तुकडा नुसता खाऊ नये. त्यावर मिठाचे दोन-चार कणच टाकावेत. अंकोमध्ये मीठ घालतात ते खारटपणासाठी नव्हे, दाण्याला पुढे आणण्यासाठी, आणि कारखान्यातल्या चॉकलेटमध्ये बहुतेक वेळा ते कमी पडलेले असते. पांढऱ्या चॉकलेटच्या प्रकारांत हा फरक इतका ठळक जाणवतो की मी आता मिठाची पुडी जवळ ठेवूनच बसतो.

जोड्यांबद्दल माझी मते थोडी ठाम आहेत. ७० टक्क्यांच्या वरचे कडू चॉकलेट अझुकीला गिळून टाकते आणि हाती उरतो तो पिठूळपणा, चवीवाचून. अपवाद फक्त मऊ आन भरलेल्या प्रकारांचा, कारण तिथे दाणा संख्येने जास्त असतो. माच्चाबरोबर अझुकी उत्तम जमते, चहाचा कडवटपणा साखर कापतो आणि दाणा मोकळा होतो; पण माच्चा जास्त झाला तर पाकिटावरचे अझुकीचे चित्र फक्त चित्रच राहते. भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाबरोबरची, म्हणजे ‘किनाको’ची जोडी मराठी माणसाला सर्वांत लवकर आवडते असा माझा अनुभव आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: किनाकोचा वास डाळ्याच्या पिठाच्या जवळ जातो. स्ट्रॉबेरीबद्दल मात्र मला फारसा उत्साह नाही. ताज्या दाइफुकुमध्ये खऱ्या फळाचा आंबटपणा अंकोला उचलून धरतो, चॉकलेटमध्ये त्याच्या जागी बहुधा गुलाबी वास येतो.

चाखून झाल्यावर प्रत्येक प्रकारापुढे एक ओळ लिहून ठेवावी: अझुकी कोणत्या रूपात होती, कोणत्या क्षणी सापडली, की सापडलीच नाही. आवडले-नावडले एवढेच लिहिले तर पुढच्या खरेदीला त्याचा उपयोग होत नाही. जपानमध्ये असाल तर हे सारे चालत्या रस्त्यावर करू नये. चालता चालता खाणे तिथे फारसे शिष्ट मानत नाहीत आणि कचऱ्याच्या पेट्या शोधून सापडत नाहीत. कोम्बिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाच्या, दारापाशी उभे राहून खावे आणि वेष्टन खिशात घालून घरी न्यावे. मोठ्या दुकानांच्या तळघरातील खाद्यदालनात, म्हणजे ‘देपाचिका’त, मिठाईचे नमुने चाखायला मिळाले तर ती संधी सोडू नये.

उरलेल्याचे काय करावे, तेही सांगितले पाहिजे. खऱ्या मोचीचा गाभा असलेला प्रकार उघडला की त्याच दिवशी संपवावा. तांदळाचे स्टार्च गारव्यात कडक होते आणि दुसऱ्या दिवशी फ्रिजमधून काढलेला तुकडा खोडरबरासारखा लागतो. मऊ आनाचा प्रकार दोन-तीन दिवसांत खावा. भुकटीचा प्रकार हवाबंद डब्यात तारखेपर्यंत खुशाल राहतो, फक्त तो डबा मसाल्याच्या फळीवर ठेवू नये. कोकोतील लोणी शेजारचा वास चटकन ओढून घेते, आणि हिंगाच्या डबीशेजारी आठवडाभर राहिलेल्या अझुकी चॉकलेटमध्ये कडधान्याची आमटी पूर्ण होते.